डोळे आल्यानंतर

डोळे येणें या दुखण्याचें आपणांस फारसें भय वाटत नाहीं. पावसाळा लागला कीं शाळेंतून एखादा मुलगा लाल डोळे घेऊन घरीं येतो. दोन दिवसांनीं त्याच्या आईच्या पापण्या चिकटूं लागतात, आणि आठवडा उलटण्याच्या आंत वडीलही काळा चष्मा लावून कचेरीला जाऊं लागतात. कोणी गुलाबपाण्याच्या घड्या ठेवतें, कोणी कोमट पाण्यानें पापण्या पुसतें. आठ-दहा दिवसांत जें आलेलें असतें तें जातें, आणि घरांतील मंडळी तें विसरूनही जातात. १९७१ सालीं बंगालमधील निर्वासितांच्या काळांत जी साथ पसरली व जिला लोकांनीं 'जय बांगला' असें नांव दिलें, ती अशीच झटपट येणारी आणि झटपट जाणारी होती. २०२३ च्या जुलै महिन्यांत आळंदी व पुणें या भागांत हजारों लोकांचे डोळे आले, त्यांतील बहुतेकांची गोष्टही एवढीच.

परंतु आज मला ज्या दुखण्याविषयीं बोलावयाचें आहे, तें डोळे येण्याचें नव्हे. तें डोळे आल्यानंतरचें आहे. डोळे आणणाऱ्या विषाणूंच्या अनेक जाती आहेत, आणि त्यांतील एक घराणें असें आहे कीं तें गेल्यावरही त्याचीं पावलें उमटलेलीं राहतात. लाली ओसरते, पाणी थांबतें, रोगी कामावर जातो. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांत त्याला रात्रीं दिव्याभोंवतीं वलय दिसूं लागतें. वर्तमानपत्राचीं अक्षरें धुरकट होतात. दुपारचें ऊन सोसत नाहीं. तो चष्मा पुसतो, मग चष्मा बदलतो. उपयोग होत नाहीं. शेवटीं नेत्रवैद्य त्याला यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवितात आणि सांगतात कीं, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यांत बारीक पांढुरके ठिपके उठले आहेत. हें ऐकतांच त्याच्या पोटांत धस्स होतें. देवीच्या साथींत ज्यांच्या डोळ्यांत फूल पडलें अशीं माणसें आपल्या आज्या-पणज्यांनीं पाहिलीं होतीं, आणि तो शब्द आपल्या भाषेंतून अजून गेलेला नाहीं.

हें फूल नव्हे, हें प्रथमच सांगून टाकतों. हे ठिपके बहुतेक सर्वांच्या डोळ्यांतून कांहींही खूण न ठेवतां विरून जातात. परंतु त्यांना महिने लागतात, आणि क्वचित् वर्षेंही. दुखणें हत्तीच्या पावलांनीं येतें व मुंगीच्या पावलांनीं जातें असें आपण म्हणतों, त्याचें याहून चोख उदाहरण मला ठाऊक नाहीं. हा मधला काळ रोग्यानें कसा काढावा, आणि त्याला मदत म्हणून जें औषध द्यावें तें मदत करतें कीं केवळ समाधान देतें, या एका प्रश्नाभोंवतीं सव्वाशेंहून अधिक वर्षांचा इतिहास गुंफलेला आहे. त्यांतील एक पान मुंबईंत लिहिलें गेलें.

आरंभ मात्र व्हिएन्नांत झाला. १८८९ सालीं तेथील विख्यात नेत्रवैद्य एर्न्स्ट फुक्स यांनीं आपल्या रोग्यांत एक नवीन विकार पाहिला. सर्दीपडशाबरोबर डोळे येत, आणि ते निवळत असतां पारदर्शक पडद्याच्या वरच्या थरांत बारीक ठिपके उमटत. त्यांच्या जवळ आजचीं यंत्रें नव्हतीं. डोळ्याची फांकेसारखी पातळ चीर उजेडांत दाखविणारा स्लिट-लॅम्प गुलस्ट्रँड यांनीं १९११ मध्यें पुढें आणला. त्यापूर्वीं बाजूनें धरलेला दिवा आणि हातांतलें भिंग एवढ्यावरच वैद्याची मदार होती. तरीही फुक्स यांचें वर्णन इतकें बिनचूक होतें कीं आजही तें वाचतांना रोग ओळखूं येतो. गंमत अशी कीं त्याच सुमारास त्याच शहरांत श्टेलवाग, फॉन रॉइस आणि आडलर या आणखी तिघांनीं जवळजवळ तोच विकार पाहिला व प्रत्येकानें त्याला आपापलें नांव दिलें. कोणी ठिपक्यांचा दाह म्हणालें, कोणी डागांचा, कोणाला त्यांत लहान नाणीं दिसलीं. चौघे एकाच गोष्टीविषयीं बोलत आहेत हें समजावयास पुढें बराच काळ गेला. साथीचा रोग एकदम पुष्कळांना होतो म्हणून तो एकदम पुष्कळांना दिसतो. यांत त्या वैद्यांची स्पर्धा शोधण्याचें कारण नाहीं.

आतां मुंबईकडे वळूं. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील हर्बर्ट हर्बर्ट हे गृहस्थ ग्रँट मेडिकल कॉलेजांत नेत्रविद्या शिकवीत असत. खुपऱ्यांच्या रोगांत बुबुळाच्या कडेवर जे बारीक खळगे राहतात त्यांना जगभर आजही हर्बर्टचे खळगे म्हणतात, ते हेच. १९०१ मध्यें त्यांनीं मुंबईंत पाहिलेल्या अशाच ठिपक्यांच्या दाहाचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि त्याचें कारण म्हणून एका कवचधारी जंतूकडे बोट दाखविलें. हें कारण पुढें टिकलें नाहीं. परंतु त्यांचा तर्क तसा कां चालला असेल हें समजून घेण्यासारखें आहे. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग शिरला होता. त्याच कॉलेजाच्या इमारतींत हाफकिन यांनीं प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्यें ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. ज्या वास्तूंत सूक्ष्मदर्शकाखालीं शहराचा शत्रु प्रत्यक्ष दिसला होता, तेथील वैद्यानें डोळ्यांतही जंतु शोधावा आणि दिसला त्यालाच अपराधी ठरवावें, यांत नवल तें काय? जंतूंहूनही बारीक, गाळणींतून पार निघून जाणारें असें कांहीं रोगोत्पादक द्रव्य असावें, ही कल्पना तेव्हां नुकतीच पुढें आली होती. तीही तंबाखूच्या पानांवरील आणि गुरांच्या लाळ-खुरकुताच्या अभ्यासांतून. डोळ्यापर्यंत ती पोंचली नव्हती.

यानंतर मद्रासची पाळी आली. तेथील सरकारी नेत्ररुग्णालय १८१९ पासून चालत आलेलें. त्याचे प्रमुख कर्कपॅट्रिक यांनीं १९२० मध्यें डागांच्या दाहाच्या एका साथीची हकीकत इंग्लंडच्या नेत्रविषयक पत्रांत दिली, आणि दहा वर्षांनीं, १९३० सालीं, त्यांच्या मागून आलेल्या राइट यांनीं याच विषयावर एक प्रदीर्घ निबंध लिहिला. युरोपांतील वैद्यांना तुरळक दिसणारा विकार हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील शहरांत साथीच्या रूपानें दिसत होता, आणि येथील वैद्य तो टिपून ठेवीत होते. नेत्ररोगांच्या इतिहासाचीं परदेशी पुस्तकें वाचतांना या नोंदी एका ओळींत उरकलेल्या आढळतात. मला ती ओळ नेहमीं थोडी आंखूड वाटते.

पश्चिमेची झोंप उडाली ती १९४१ सालीं. जपानी विमानांचा हल्ला होण्याच्या आधींच पर्ल हार्बरच्या गोदींत कामगारांचे डोळे येऊं लागले होते. हवाई बेटांतून साथ सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावर उतरली, आणि तेथून युद्धनौका बांधणाऱ्या एका गोदींतून दुसऱ्या गोदींत, पार पूर्व किनाऱ्यापर्यंत गेली. लोक तिला गोदीचा डोळा म्हणूं लागले. सॅन फ्रान्सिस्कोचे होगन व क्रॉफर्ड यांनीं १९४२ मध्यें या साथीचें वर्णन करतांना आपल्या लेखाच्या मथळ्यांतच जुनीं सारीं नांवें एकत्र ओंवलीं. व्हिएन्नाचीं चार नांवें चार रोगांचीं नव्हेत, हें त्यांतून उघड झालें.

ही साथ गोदींतच कां फोफावली? लोखंड घासतांना कामगाराच्या डोळ्यांत कण जाई. तो गोदीच्या दवाखान्यांत धांवे. तेथें एकच परिचारिका एकामागून एक पापणी उलटून पाही, तीच कुपी, तीच नळी, तोच चिमटा. ज्याचे डोळे आलेले त्याच्या पापणीवरून तिचें बोट कण गेलेल्याच्या पापणीवर जाई. म्हणजे रोग पसरविणारें ठिकाण दवाखानाच होतें. पुढें अनेक देशांत, अनेक नामांकित नेत्ररुग्णालयांतही हाच प्रकार पुन्हा पुन्हा घडला. डोळ्यांतील दाब मोजण्याचें उपकरण बुबुळाला टेकवावें लागतें. तें नीट स्वच्छ न केलें तर एका सकाळींत पुष्कळांना रोग देतें. हा विषाणु साबणाला फारसा भीत नाहीं आणि कोरड्या वस्तूवर कित्येक दिवस जिवंत राहतो. ओल्या पंच्याविषयीं आणि सामायिक उशीविषयीं डॉक्टर जें बजावतात तें उगीच नव्हे.

युद्धकाळांत उपायाची निकड होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील मरे सँडर्स यांनीं १९४२ मध्यें आपण या रोगाचा विषाणु वेगळा केल्याचें जाहीर केलें. त्यांनीं व त्यांचे सहकारी ब्रॅली यांनीं बऱ्या झालेल्या रोग्यांच्या रक्तांतील रस घेऊन नव्या रोग्यांना देऊन पाहिला. रोगी बरे झाले. अर्थात् ते बरे होणारच होते! जो रोग आपल्या पायांनीं निघून जातो त्याच्यावर योजलेलें प्रत्येक औषध गुणकारी ठरतें, ही या सबंध इतिहासाची मेख आहे. सँडर्स यांचा विषाणु पुढें दुसऱ्याच रोगाच्या जातकुळीचा निघाला.

खरा अपराधी हातीं लागला तो १९५५ सालीं. दोनच वर्षांपूर्वीं मुलांच्या नाकामागील वाढलेल्या ग्रंथींतून एक नवें विषाणुघराणें सांपडलें होतें, आणि त्याला पुढें ॲडेनोव्हायरस हें नांव मिळालें. सॅन फ्रान्सिस्कोंत जॉवेट्झ, थायगसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गोदीच्या डोळ्यांतून त्याच घराण्यांतील आठवा प्रकार वेगळा केला. फुक्स यांच्या भिंगापासून येथपर्यंत सहासष्ट वर्षें लागलीं.

विषाणु सांपडला म्हणजे औषध सांपडेल, असें कोणालाही वाटेल. येथें मात्र उलटच झालें. कारण ठिपक्यांच्या पोटांत विषाणु जवळजवळ नसतोच. हें जरा समजावून सांगितलें पाहिजे. पारदर्शक पडदा, ज्याला शास्त्रीय भाषेंत स्वच्छमंडल म्हणतात, तो घड्याळावरच्या कांचेसारखा बुबुळावर बसविलेला असतो. मध्यभागीं त्याची जाडी सुमारें अर्धा मिलिमीटर. त्यांत एकही रक्तवाहिनी नाहीं, आणि म्हणूनच त्यांतून आरपार दिसतें. पहिल्या आठवड्यांत विषाणु त्याच्या वरवरच्या पेशींत शिरतो. शरीर त्या पेशी टाकून देतें, नव्या पेशी येतात, विषाणु हटतो. परंतु त्याचे कांहीं प्रथिनांश खालच्या थरांत झिरपलेले राहतात, आणि रक्तांतील पांढऱ्या पेशी त्यांच्याभोंवतीं गोळा होतात. शत्रूची छावणी उठून गेल्यावर त्या मोकळ्या जागेवर पहारा बसावा, तसा हा प्रकार आहे. आपणांस दिसणारे ठिपके म्हणजे तो पहारा. विषाणु मारणारें औषध त्या वेळीं द्यावयाचें म्हणजे रिकाम्या छावणीवर तोफा डागावयाच्या. आणि पहारेकरी तर आपलेच.

ते पहारेकरी पांगविणारें औषध अगदीं निराळ्या वाटेनें आलें. १९४८ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील मेयो रुग्णालयांत हेंच यांनीं संधिवातानें जखडलेल्या एका बाईला कॉर्टिझोन हें द्रव्य टोंचलें, आणि थोड्याच दिवसांत ती चालूं लागली. १९५० मध्यें हेंच, केंडल व राइकश्टाइन या तिघांना त्यासाठीं नोबेल पारितोषिक मिळालें, आणि त्याच वर्षीं डोळ्यांच्या दाहावर कॉर्टिझोन वापरल्याचे वृत्तांत येऊं लागले. ठिपक्यांच्या रोग्याला हे थेंब दिले कीं दोन-चार दिवसांत वलयें पुसट होत, अक्षरें स्वच्छ दिसत. महिनोन् महिने धुक्यांतून पाहणाऱ्या माणसाला याहून अधिक काय हवें? रोगी आनंदला, वैद्यही आनंदला. थेंब बंद केले. पंधरा दिवसांत ठिपके परत. पुन्हा थेंब, पुन्हा स्वच्छ. पुन्हा बंद, पुन्हा ठिपके.

हें औषध रोग बरा करतें कीं नुसता झांकतें, हा प्रश्न वीस वर्षें तसाच राहिला. फिलाडेल्फियाचे लेब्सन व त्यांचे सहकारी यांनीं १९७० मध्यें त्याचा छडा लावला. त्यांची रीत साधी व प्रामाणिक होती: कोणत्या कुपींत औषध आहे व कोणत्या कुपींत नाहीं, हें रोग्याला ठाऊक नाहीं आणि डोळे तपासणाऱ्यालाही ठाऊक नाहीं. म्हणजे आशेला मोजमापांत हात घालावयास जागाच नाहीं. निष्पन्न असें झालें कीं, थेंब चालूं असेपर्यंत ठिपके दबतात व रोग्याला आराम वाटतो. परंतु ते थांबतांच ठिपके परत येतात आणि रोगाच्या एकंदर वाटचालींत फरक पडत नाहीं. थेंबांनीं वाट सुखाची केली, पण जवळची केली नाहीं.

एवढ्यावरच भागलें असतें तरी कोणी थेंबांना नांवें ठेवलीं नसतीं. आराम हीही मोठी गोष्ट आहे. ज्याला रात्रीं मोटार हांकावयाची आहे किंवा सुईंत दोरा ओंवून पोट भरावयाचें आहे, त्याला तर फारच मोठी. परंतु बेल्जममधील फ्रांस्वा यांनीं १९५४ मध्येंच दाखविलें होतें कीं, कॉर्टिझोनच्या थेंबांनीं कांहीं जणांच्या डोळ्यांतील दाब वाढतो. १९६० नंतरच्या थोड्याच वर्षांत अमेरिकेंत आर्माली व बेकर यांनीं निरोगी माणसांवर पाहून ठरविलें कीं, शंभरांतील सुमारें पांच जणांत हा दाब फार चढतो आणि ही प्रवृत्ति बहुधा जन्मजात असते. आपण त्या पांचांतले आहों कीं पंचाण्णवांतले, हें थेंब घालण्यापूर्वीं कोणालाच कळत नाहीं. दाब चढतांना डोळा दुखत नाहीं, लाल होत नाहीं. उलट ठिपके गेल्यामुळें रोग्याला पूर्वींपेक्षां चांगलें दिसत असतें, आणि आंतून कांचबिंदु कड्यांकडून दृष्टि खात असतो. तो खाल्लेला घांस परत मिळत नाहीं. कांहीं महिन्यांत आपोआप जाणाऱ्या ठिपक्यांसाठीं जन्माची नजर गमावलेलीं माणसें नेत्रवैद्यांच्या दारीं येतात. गेल्या वर्षींची कुपी कपाटांत उरलेली असते, औषधाच्या दुकानांत चिठ्ठीवांचून नवीही मिळून जाते, आणि घातली कीं बरें वाटतें. बरें वाटतें, हाच त्यांतला धोका.

आणखी दोन गोष्टी पुढें उघडकीस आल्या. डोळे आलेले असतांनाच, म्हणजे विषाणु जागा असतांना, हे थेंब घातले तर पहारा ढिला पडून विषाणूचें वास्तव्य लांबतें. पिट्सबर्ग येथें सशांच्या डोळ्यांवर केलेल्या प्रयोगांत १९९६ मध्यें हें स्पष्ट दिसलें. आणि जर ते ठिपके मुळांत नागिणीच्या नात्यांतल्या हर्पीस नांवाच्या विषाणूचे असतील, तर त्याच थेंबांनीं बुबुळावर पसरत जाणारी जखम होते.

म्हणून अलीकडे वैद्यांची नजर दुसऱ्या औषधांकडे वळली. नॉर्वेच्या एका उजाड पठारावरील मातींतून स्वित्झर्लंडमधील औषधकारखान्यानें एक बुरशी उचलली होती. तिच्यांतून सायक्लोस्पोरिन निघालें. अवयवारोपणाचें युग त्यानेंच आणलें. १९८४ मध्यें जपानांतील त्सुकुबा येथील मातींतून तशाच गुणाचें टॅक्रोलिमस मिळालें. पांढऱ्या पेशींना बोलावणारी हांकच तीं मंदावतात, आणि डोळ्यांतील दाब वाढवीत नाहींत. गेल्या दोन-तीन दशकांत, जुनाट ठिपक्यांच्या ज्या रोग्यांना कॉर्टिझोन-वर्गाचे थेंब सोडतां येत नव्हते, त्यांच्यावर तीं वापरलीं गेलीं आणि अनेकांचे डागही विरले, थेंबही सुटले. तीं घालतांना चुरचुरतात, गुण यावयाला आठवडे लागतात, शिवाय महागही आहेत. हे प्रयोग लहान प्रमाणावर झालेले आहेत, आणि सँडर्स यांच्या रक्तरसाची गोष्ट आठवून मी तरी त्यांचें कौतुक जपूनच करीन.

मग आज शहाणा नेत्रवैद्य करतो काय? ज्याची नजर थोडीच मंदावली आहे त्याला तो अश्रूंसारखे साधे थेंब व गडद चष्मा देतो आणि महिन्यानें बोलावतो. ज्याचें काम अडलें आहे त्याला कॉर्टिझोन-वर्गांतील सौम्य थेंब देतो, तेही एकदम न तोडतां: दिवसांतून चार वेळां, मग तीन, मग दोन, मग एक, असे आठवड्या-आठवड्यांनीं उतरवीत, आणि प्रत्येक खेपेस दाब मोजीत.

त्याच्याही आधीं तो एक काम करतो: ठिपके कोणाचे आहेत हें पाहतो. येथें पुन्हा हर्बर्ट यांची आठवण होते. अलीकडे भारतांत, विशेषतः पावसाळ्यांत, बुबुळावर अगदीं अशाच ठिपक्यांचा एक दाह आढळतो आणि तो मायक्रोस्पोरिडिया नांवाच्या, बुरशीच्या नात्यांतील सूक्ष्म जीवामुळें होतो, असें हैदराबादच्या नेत्रवैद्यांनीं दाखवून दिलें आहे. वरवरच्या पेशी हलकेच खरवडून त्या सूक्ष्मदर्शकाखालीं धरल्या तर ते जीव दिसतात. १९०१ मध्यें मुंबईच्या वैद्यानें पेशी खरवडून जो कवचधारी जंतु पाहिला, तो सगळाच भ्रम होता असें आतां खात्रीनें म्हणवत नाहीं. त्याच्यासमोर बसलेले सारे रोगी एकाच रोगाचे होते, असेंही म्हणवत नाहीं.